दिल्लीतील हौशी सायकलस्वारांचे वजन वर्षभरात का हलते

दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा आणि गाझियाबाद या एकमेकांत मिसळलेल्या शहरांत हौसेने सायकल चालवणाऱ्यांचे वजन वर्षभर एका आकड्यावर टिकत नाही. साधारणपणे दिवाळीपासून ते चढू लागते. होळीच्या सुमारास चढ थांबून उतार लागतो, मे-जूनमध्ये वर्षातला सर्वांत कमी आकडा दिसतो आणि पावसाळा संपेपर्यंत तो पुन्हा थोडा वर आलेला असतो. फरक बहुधा किलो-दोन किलोंचाच असल्यामुळे तो किरकोळ समजला जातो. पण थंडीत वाढलेल्या वजनात चरबीचा वाटा मोठा असतो आणि कडक उन्हाळ्यात घटलेल्या वजनात पाण्याचा. काटा एकच असला तरी त्यावर मोजल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या असतात. एकीतून दुसरी वजा होत नाही आणि वर्षाअखेरीस थोडी चरबी अंगावर शिल्लक राहते.

हौशी म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून आठवड्यातल्या तीन-चार सकाळी व्यायामासाठी किंवा आनंदासाठी सायकल काढणारी माणसे. कर्तव्यपथ आणि इंडिया गेटभोवतीचे रुंद रस्ते, चाणक्यपुरीतला शांतिपथ, गुरुग्राम–फरिदाबाद रस्ता, अरवलीच्या कुशीतल्या दमदमा तलावाकडचा मार्ग ही त्यांची नेहमीची ठिकाणे. गुरुग्राममध्ये नोव्हेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘राहगिरी’ने मोटारींना काही तास मज्जाव करून रस्ता चालणाऱ्यांना आणि सायकलींना दिला. २०२० च्या टाळेबंदीनंतर रस्ते मोकळे असताना अनेकांनी नव्याने सायकल घेतली. त्याच रस्त्यांवरून पहारेकरी, माळी, सुतार, कारखान्यांतले कामगार रोज सायकलने कामावर जातात आणि त्यांची संख्या हौशींपेक्षा कितीतरी मोठी आहे. धुके असो की लू, म्हणजे उन्हाळ्यातला उष्ण वारा, त्यांना सायकल चालवावीच लागते. त्यांच्या वजनाचा प्रश्न पोटाला पुरेसे मिळते का, हा आहे आणि तो याहून गंभीर आहे. पुढील विवेचन मात्र ज्यांना सायकल न काढण्याची मोकळीक आहे त्यांच्याबद्दल आहे, कारण ऋतूचा परिणाम त्या मोकळिकीतूनच वजनापर्यंत पोहोचतो.

ऋतूंबरोबर वजन बदलण्याच्या जुन्या नोंदी टंचाईच्या आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशातील केनेबा गावात अनेक दशके चाललेल्या अभ्यासात दिसले की पावसाळ्यात शेतीचे कष्ट वाढतात, मागच्या हंगामाचे धान्य संपत आलेले असते आणि माणसांचे वजन घटते. सुगीनंतर ते भरून येते. अन्नाची ददात नसलेल्या समाजात ही चाल उलटी होते. अमेरिकेतील वूस्टर परिसरातल्या ५९३ प्रौढांच्या पाहणीत, जी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, पानगळीच्या दिवसांतला रोजचा आहार वसंतातल्या आहारापेक्षा सुमारे ८६ किलोकॅलरींनी जास्त भरला. वजनातला वार्षिक फरक अर्ध्या किलोच्या आसपास होता आणि त्याचे शिखर थंडीत होते.

त्याआधी २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला अभ्यास लहान असूनही अधिक बोलका आहे. १९५ जणांचे वजन सणांच्या सहा-सात आठवड्यांत सरासरी ०.३७ किलोने वाढले. आपले वजन याच्या कितीतरी पट वाढले असावे, असे त्या लोकांना स्वतःला वाटत होते. मात्र ही छोटी वाढ पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यात उतरली नाही. वर्षभरात झालेल्या एकूण वाढीचा मोठा भाग त्या थोड्या आठवड्यांतलाच निघाला. २०१६ साली अमेरिका, जर्मनी आणि जपान या तीन देशांतील सुमारे २,९०० जणांच्या घरच्या वजनकाट्यांवरील नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा प्रत्येक देशात वजनाची उसळी त्या-त्या देशाच्या मोठ्या सणापाठोपाठ आलेली दिसली. जपानमध्ये वसंतातला ‘गोल्डन वीक’ही त्यात उमटला. म्हणजे वजनाच्या वार्षिक रेषेवर तापमानाइतकीच पंचांगाचीही सत्ता चालते. दिल्लीच्या बाबतीत हे ध्यानात ठेवणे फार जरुरीचे आहे.

युरोप-अमेरिकेतला सायकलस्वार हिवाळ्यात जाड होतो त्याचे कारण सरळ आहे. बर्फ पडते, सायकल अडगळीच्या खोलीत जाते, भूक तशीच राहते. दिल्लीत हे गणित लागू पडत नाही. जानेवारीत येथील सरासरी कमाल तापमान २० अंशांच्या आसपास आणि किमान ७-८ अंश असते. सायकलसाठी याहून चांगली थंडी क्वचितच मिळेल. तरीही थंडीतच सायकल सर्वांत जास्त चुकते.

याचा उलगडा चार गोष्टी एकत्र पाहिल्या की होतो: तापमान, उजेड, हवेची शुद्धता आणि रस्त्याची अवस्था. सुखद तापमान ऑक्टोबर ते मार्च असते. लांब उजेड मे ते जुलै. जूनच्या मध्यावर सूर्य ५ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या आरंभी सव्वासात वाजतात. स्वच्छ हवा जुलै ते सप्टेंबर, पावसाने धुतलेली. कोरडे रस्ते पावसाळा सोडून उरलेले महिने. चारही गोष्टी एकाच वेळी बऱ्यापैकी जुळतात अशा खिडक्या वर्षात दोनच: फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंतची आणि सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतची. सगळे मिळून जेमतेम अडीच महिने. पुण्यात किंवा नाशकात थंडीचे चार महिने सलग सायकलचे असतात. दिल्लीत तो हंगाम मधोमध तुटलेला आहे आणि त्याला तोडणारी गोष्ट म्हणजे हवा.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वारा मंदावतो, रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन तिच्यावर उबदार थराचे झाकण बसते आणि वाहनांचा धूर, धूळ, कारखाने, भातकाढणीनंतर पंजाब-हरियाणात जाळला जाणारा पेंढा, दिवाळीचे फटाके या साऱ्याचे प्रदूषण खालीच अडकते. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने दिल्लीसाठी ‘सफर’ ही हवा-अंदाज यंत्रणा उभारली, तेव्हापासून नागरिकांना रोजचे आकडे हाताशी मिळू लागले. २०१७ पासून टप्प्याटप्प्याने निर्बंध लावणारी ‘ग्रॅप’ ही योजना लागू आहे. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा चोवीस तासांचा हवा-निर्देशांक ४९४ वर गेला. मोजपट्टी ५०० लाच संपते. विश्रांतीत माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, जोरात सायकल चालवताना साठ लिटर आणि त्याहूनही जास्त. अशा दिवशी सायकल न काढणे हा शहाणपणाचा निर्णय आहे, त्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

या निर्णयाची वजनातली किंमत मोजता येते. ७५ किलोचा सायकलस्वार आठवड्याला १५० किलोमीटर, म्हणजे सुमारे सहा तास, मध्यम जोराने चालवतो असे धरले आणि बसून राहिला असता तरी खर्च झाली असती ती ऊर्जा वजा केली, तर आठवड्याला अंदाजे २,३०० किलोकॅलरी उरतात. दिवाळीपासून सहा आठवडे सायकल बंद राहिली आणि जेवण तेवढेच राहिले, तर जवळजवळ १४,००० किलोकॅलरी साठतात. एक किलो चरबीला ७,७०० किलोकॅलरी हा ढोबळ हिशेब लावला तर ही १.८ किलोंची वाढ होते. प्रत्यक्षात ती कमी भरते, कारण व्यायाम थांबला की भूक थोडी घटते आणि शरीरही इतर खर्चांत फेरफार करते. हर्मन पाँट्झर यांच्या २०१६ च्या अभ्यासाने दाखवले की हालचाल वाढेल त्या प्रमाणात एकूण खर्च वाढत जात नाही, एका मर्यादेनंतर शरीर दुसरीकडे काटकसर करते. तीच काटकसर उलट्या दिशेनेही काही अंशी मदतीला येते. सहा आठवड्यांत पाऊण ते एक किलो ही वाढ मात्र सहज शक्य आहे.

जेवण तेवढेच राहिले, ही या हिशेबातली सर्वांत कच्ची बाजू. दिल्लीची थंडी खाण्याची आहे. गाजराचा हलवा, सरसोंचे साग आणि मक्याची रोटी, गूळ-तिळाची गजक आणि रेवडी, तुपात परतलेल्या डिंकाच्या पिन्न्या, पहाटेची दौलत की चाट, कोपऱ्याकोपऱ्यावरचे छोले-भटुरे. दिवाळीत कचेऱ्यांतून मिठाईचे खोके फिरतात. दिल्लीतल्या मराठी घरांत त्यात चकली, शंकरपाळे आणि करंजीच्या डब्यांची भर पडते. तळलेले पदार्थ टिकाऊ असल्यामुळे ते पाडव्यापुरते न राहता पंधरा-वीस दिवस चहाबरोबर चालू राहतात. थंडीत भूक वाढते हे आयुर्वेदानेही सांगितले आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’मध्ये हेमंत-शिशिरात अग्नी आणि बल दोन्ही सर्वांत जास्त, ग्रीष्मात आणि पावसाळ्यात सर्वांत कमी मानले आहेत. तेथेच थंडीत स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानाने आपल्या अर्ध्या शक्तीइतका व्यायाम करावा आणि उन्हाळा-पावसाळ्यात तो हलकाच ठेवावा, असा नियम दिला आहे. स्निग्ध आहार आणि पुरेसा व्यायाम ही तिथे जोडी आहे. आजच्या दिल्लीत नोव्हेंबरच्या हवेने त्या जोडीतला व्यायाम काढून घेतला आहे आणि तूप तेवढे उरले आहे.

यावर लग्नसराईचा थर चढतो आणि उत्तर भारतातल्या वजनाचा विचार करताना तिला सणांपेक्षाही जास्त महत्त्व द्यायला हवे. कार्तिकी एकादशीला, जिला तिकडे देवउठनी म्हणतात, मुहूर्त सुरू होतात आणि डिसेंबरच्या मध्याला लग्नांना वर्ज्य मानलेला खरमास लागेपर्यंत एकापाठोपाठ एक लग्ने येतात. मकरसंक्रांतीनंतर मुहूर्त पुन्हा मार्चपर्यंत चालतात. दिल्लीचे लग्न रात्रीचे असते. जेवणाला दहा-अकरा वाजतात, पंगत नसते, वीस-तीस पदार्थांचे मांडव असतात आणि पान किती भरले याचा अंदाज राहत नाही. त्याहून मोठे नुकसान दुसऱ्या सकाळी होते. एक वाजता घरी आलेला माणूस साडेपाचला सायकल काढत नाही. एकाच रात्रीने आत येणारी ऊर्जा वाढते आणि बाहेर जाणारी घटते. आठवड्यातून दोन लग्ने असली की शनिवार-रविवारच्या लांब फेऱ्या, ज्यांत आठवड्याची निम्मी मजल होते, त्याच बुडतात.

डिसेंबरच्या शेवटापासून दाट धुके येते आणि सात वाजेपर्यंत रस्ता दिसत नाही. साडेनऊला कचेरी गाठायची असलेल्याला उजेडातली तासाभराची फेरीसुद्धा अवघड होते. घरातल्या ट्रेनरवर सायकल बसवून चालवणे हा मार्ग अनेकांनी धरला आहे. खिडक्या बंद आणि हवा-शुद्धक चालू असेल तर तो उपयोगीही आहे, मात्र बंद खोलीत समोरचा वारा नसल्याने घाम खूप येतो, कंटाळा लवकर येतो आणि तीन तासांच्या रस्त्यावरच्या फेरीची जागा पाऊण तासाची बैठक घेते.

फेब्रुवारीच्या मध्यावर हवा उघडते आणि वर्षातला सर्वांत चांगला काळ येतो. ऑडॅक्स प्रकारच्या लांब फेऱ्या करणारे दिल्लीकर याच दिवसांत अंतर वाढवतात: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस तास अशी त्यांची ठरलेली मुदत असते. आश्चर्य असे की सराव पुन्हा सुरू केल्यानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन उतरण्याऐवजी अनेकदा थोडे वाढते आणि माणूस निराश होतो. त्याचे कारण साधे आहे. सरावलेले स्नायू जास्त ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. स्नायू आणि यकृत मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साठा असतो, म्हणजे साठा रिकामा आणि भरलेला यांत दीड-दोन किलोंचा फरक केवळ त्यानेच पडतो. रक्तातला द्रवही वाढतो. खूप लांब फेरीनंतर दोन-तीन दिवस पाय सुजल्यासारखे वाटतात, तेव्हाही काटा वर जातो. यातली ग्लायकोजेनची आणि रक्तद्रवाची वाढ चांगल्या सरावाची खूण आहे. मार्च-एप्रिलपर्यंत नियमित चालवणाऱ्यांची खरी चरबी उतरते ती याच खिडकीत.

या काळात फसवणारी एक जागा आहे, ती म्हणजे फेरीनंतरचा नाश्ता. दिल्लीहून जीटी रोडने पन्नासेक किलोमीटरवर, सोनिपत जिल्ह्यात, मुरथलचे शाकाहारी ढाबे आहेत आणि पांढऱ्या लोण्याबरोबरचे तंदुरी पराठे हे तेथवर जाणाऱ्या सायकलस्वारांचे ठरलेले बक्षीस. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर मारणाऱ्याला दोन पराठे आणि लस्सी सहज पेलतात. त्याने सुमारे दोन हजार किलोकॅलरी खर्च केलेल्या असतात. इंडिया गेटभोवती पंचवीस-तीस किलोमीटर फिरून भटुऱ्यांच्या बशीवर बसणाऱ्याचे खाते मात्र त्याच सकाळी जमेत जाते. सायकलवरचा खर्च मोजण्याची एक खात्रीची रीत आहे: पायांचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरवर जितके किलोज्यूल दिसतात, जवळजवळ तितक्याच किलोकॅलरी शरीराने खर्च केलेल्या असतात, कारण स्नायूंची कार्यक्षमता वीस ते पंचवीस टक्के असते आणि एकक बदलताना दोन्ही आकडे एकमेकांवर येतात. १५० वॉटने तासभर चालवले तर ५४० किलोज्यूल, म्हणजे साधारण ५४० किलोकॅलरी.

पॉवर मीटर नसेल तर घड्याळावर विसंबावे लागते आणि तिथे ऋतू दोन्ही बाजूंनी फसवतो. हृदयाच्या ठोक्यांवरून हिशेब करणारे घड्याळ उन्हाळ्यात खर्च फुगवून दाखवते, कारण उष्णतेत त्वचेकडे रक्त पाठवण्यासाठी हृदय जास्त वेगाने धडधडते, पायांनी जास्त काम केलेले नसतानाही. वेगावरून हिशेब करणारे अ‍ॅप थंडीत खर्च कमी दाखवते. ५ अंशांची हवा ४० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी दाट असते आणि ताशी ३० किलोमीटर वेगाला लागणाऱ्या जोरापैकी बराचसा हवा कापण्यातच जातो. त्यामुळे जानेवारीत तोच वेग राखायला आठ-नऊ टक्के जास्त जोर लागतो. जूनमध्ये ‘आज नऊशे जाळल्या’ असे वाचून दोन ग्लास गोड लस्सी पिणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

उन्हाळ्याचा विचार पाण्यापासून सुरू करावा लागतो. मेमध्ये दिल्लीचे सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या घरात असते. २९ मे २०२४ रोजी सफदरजंगला ४६.८ अंश नोंदले गेले आणि जून २०२४ मध्ये तिथेच एका रात्रीचे किमान तापमान ३५.२ अंशांच्या खाली गेले नाही. सायकलस्वार साडेचार-पाचला निघतात आणि सातपर्यंत परततात. अशा हवेत तासाला एक ते दीड लिटर घाम हे सामान्य प्रमाण आहे. एक लिटर घाम म्हणजे एक किलो वजन. दोन तासांत अडीच लिटर घाम गेला आणि एक लिटर पाणी प्यायले, तर घरी आल्यावर काटा दीड किलो कमी दाखवतो. ७५ किलोच्या माणसाच्या बाबतीत हे बरोबर दोन टक्के झाले, म्हणजे सहनशक्ती खालावू लागते ती सीमा. या दीड किलोत चरबी शंभर ग्रॅमही नसते. पाणी आणि मीठ पोटात गेले की दुपारपर्यंत वजन जागेवर येते.

फेरीहून आल्या-आल्या वजन करण्याची सवय उन्हाळ्यात म्हणूनच घातक ठरते. कमी आकडा पाहून माणूस समाधानी होतो, दुसऱ्या दिवशी तो टिकवण्यासाठी पाणी कमी पितो आणि उष्माघाताच्या दारात जाऊन उभा राहतो. उलट टोकही धोक्याचे आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के जणांचे सोडियम सामान्य पातळीखाली उतरलेले आढळले आणि त्याचा सर्वांत ठळक संबंध शर्यतीदरम्यान वजन वाढण्याशी होता; घामापेक्षा जास्त पाणी प्यायल्याने ते घडले होते. फेरीच्या आधी आणि नंतर वजन करावे ते एवढ्यासाठीच: एक किलोपर्यंत घट ठीक, वाढ मुळीच नको, आणि पाण्यात मीठ-लिंबू-साखर हवी. दिल्लीची शिकंजी आणि मराठी घरातले कैरीचे पन्हे ही दोन्ही पेये या कामाला उत्तम आहेत.

दहा ते चौदा दिवसांत शरीर उष्णतेला सरावते. घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ घटते, रक्तातील द्रव वाढतो. त्यामुळे मेच्या आरंभी पडलेले वजन महिनाअखेरीस खाण्यात बदल न होताही थोडे परत येऊ शकते. उष्णतेने भूक मंदावते आणि त्यातून थोडी खरी घटही होते. पण तिला दोन गोष्टी खाऊन टाकतात. एक म्हणजे गोड पेये, आमरस आणि कुल्फी. चावून खाल्लेल्या अन्नाइतकी भूक द्रव साखरेने भागत नाही. दुसरी म्हणजे झोप. शहर बाराला झोपते, रात्र तापलेली असते आणि गजर चारचा. २००४ मध्ये शिकागोतील एका प्रयोगात दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलेल्या तरुणांत भूक दाबणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि भूक वाढवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. सायकल चुकू नये म्हणून झोप तोडणाऱ्याला हा व्यवहार महाग पडतो. आठवड्यातला एक दिवस कमी करून झोप पुरी करणे वजनाच्या दृष्टीने अधिक फायद्याचे आहे.

मोसमी पाऊस दिल्लीत सरासरी २७ जूनच्या सुमारास पोहोचतो आणि २५ सप्टेंबरच्या सुमारास परततो. हवा वर्षातली सर्वांत स्वच्छ, पण सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास. घाम सुकत नाही, नुसता ठिबकतो आणि शरीर थंड होत नाही. मिंटो ब्रिजखाली आणि अनेक भुयारी मार्गांत पाणी साचते, खड्डे दिसत नाहीत. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि नदीकाठचे रस्ते कित्येक दिवस बंद राहिले. उत्तरेकडे महिने पौर्णिमान्त असल्याने तिथला श्रावण महाराष्ट्राच्या पंधरा दिवस आधी लागतो आणि लगेच कावडयात्रेमुळे मेरठ-हरिद्वारकडचे रस्ते बंद होतात. फेऱ्या तुटक होतात आणि घेवर, पकोडे, राखीची मिठाई येते. वजन हळूहळू चढते, तरी ही चढण थंडीइतकी तीव्र नसते.

उपवासांचे परिणाम अल्पजीवी असतात. चैत्र आणि शारदीय अशा दोन्ही नवरात्रांत कुट्टूच्या पुऱ्या आणि तळलेले बटाटे खाणाऱ्याचे वजन घटत नाही. रमजानमध्ये सरासरी एक किलोच्या आसपास घट होते आणि ती काही आठवड्यांत भरून येते. तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत असल्याने त्याचा परिणाम कधी थंडीत तर कधी उन्हाळ्यात पडतो. सफरींचेही तसेच आहे: मनाली–लेहसारख्या उन्हाळी सफरीतून परतलेल्यांचे वजन उतरलेले असते, पण उंचीवर भूक मरते, स्नायूही झिजतात, आणि परतल्यावर भूक जोमाने उसळते. चढावर वजनाची किंमत खरी असते: एका तासाच्या सलग चढाला एक किलो जास्त वजन साधारण अर्धा-पाऊण मिनिट खाते. सपाट दिल्लीत तोच किलो जवळजवळ जाणवत नाही, म्हणूनच थंडीत वाढलेले वजन सायकलवर बसून कळत नाही.

भारतीय शरीराच्या बाबतीत ही लहान वाढ जास्त गंभीरपणे घ्यायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिक यांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी साठते आणि तीच मधुमेहाकडे नेते. म्हणून भारतात २३ बीएमआयपासून जादा वजन धरतात, पाश्चात्त्य मापाप्रमाणे २५ पासून नव्हे, आणि कमरेची सीमा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिल्लीतील सुमारे ४१ टक्के स्त्रिया आणि ३८ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले, तेही २५ ची सैल सीमा धरून. देशाचे आकडे अनुक्रमे २४ आणि २३ टक्क्यांच्या आसपास होते. दर थंडीला अर्धा किलो शिल्लक राहिला तर दहा वर्षांत पाच किलो होतात आणि त्यांतले बहुतेक कमरेवर बसतात. नियमित सायकल चालवणारा स्वतःला या आकडेवारीबाहेर समजतो, हीच अडचण आहे.

म्हणून मोजणीची रीत ठरवून घ्यावी लागते. सकाळी उठून शौचास जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, रोज किंवा एक दिवसाआड वजन घ्यावे आणि सात दिवसांची सरासरी पाहावी. एकट्या दिवसाच्या आकड्याला अर्थ देऊ नये. जूनची तुलना जानेवारीशी न करता मागच्या जूनशी करावी. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कमर मोजावी, कारण पाणी कमी-जास्त झाल्याने कमर फारशी बदलत नाही. चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे विजेचा सौम्य प्रवाह पाठवून अंदाज करतात. शरीरात पाणी कमी असले की प्रवाहाला अडथळा वाढतो आणि यंत्र चरबी वाढल्याचे सांगते, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांचा भरवसा धरू नये. स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या आधी साठणारे पाणी एक-दीड किलोंचा मासिक चढउतार घडवते आणि ऋतूचा बदल त्यात लपतो. त्यांनी पाळीच्या त्याच टप्प्यावरची वजने ताडून पाहावीत.

थंडीत काय करावे, याला केंब्रिज विद्यापीठातील मार्को टायनियो यांच्या २०१६ च्या अभ्यासाने एक आधार दिला आहे. सूक्ष्म कणांच्या दिल्लीतल्या वार्षिक सरासरीला रोज पाऊण तास, म्हणजे आठवड्याला पाच तासांपर्यंत सायकल चालवण्याचे फायदे तोट्यांपेक्षा जास्त ठरतात, असे त्या गणिताने दाखवले. पण ती वार्षिक सरासरी आहे, नोव्हेंबरच्या सर्वांत वाईट आठवड्यांची नव्हे, आणि गणित सर्वसाधारण प्रौढांचे आहे, दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांचे नव्हे. निर्देशांक २०० च्या खाली असेल तेव्हा बाहेर, त्यापुढे फेरी लहान आणि संथ, ३०० च्या वर घरातला ट्रेनर किंवा वजनांचा व्यायाम, ही व्यवहार्य वाटणी आहे. वेळही बदलावी लागते. थंडीत पहाटे हवा सर्वांत खराब असते आणि दुपारी उन्हाने झाकण सैल झाल्यावर ती सुधारते. उन्हाळ्याची पहाटेची सवय डिसेंबरात चालवणे चुकीचे आहे, सुट्टीच्या दिवशी बारा ते तीन ही वेळ जास्त बरी. वजनांच्या व्यायामाचा आणखी एक लाभ आहे. चाळिशीनंतर दरवर्षी थोडा स्नायू कमी होतो आणि सायकल फक्त पायांचा राखते. लग्नाच्या रात्री घरून थोडे खाऊन निघणे आणि फराळाचा डबा आठवड्यात संपेल एवढाच करणे, हे उपाय साधे असले तरी वरच्या हिशेबात त्यांचे वजन ट्रेनरच्या बैठकीइतकेच भरते.

वजन उतरवण्याच्या भरात कमी खाऊन जास्त चालवणाऱ्यांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, पाळी अनियमित होणे, वारंवार आजारपण, हाडांना तडे जाणे ही ऊर्जा-तुटवड्याची लक्षणे दिसतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्यावर मार्गदर्शन केले आहे. ऋतूने न उलगडणारी घटही ओळखायला हवी. पाऊस संपल्यावरही वजन उतरत राहिले, सोबत फार तहान आणि वारंवार लघवी असेल तर रक्तातील साखर, छातीत धडधड आणि हात थरथरत असतील तर थायरॉइड, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि संध्याकाळचा ताप असेल तर क्षयाची तपासणी लगेच करून घ्यावी.